नील-हरित शैवाल : जंतुरोधक आणि धातुशोषक

पावसाळा ओसरून ऊन तापू लागले, की खानदेशातील तळी, बंधारे आणि शेततळी हिरवी दिसू लागतात. काठावर निळसर साय धरते, घाटाच्या पायऱ्या निसरड्या होतात, ठिबकच्या नळ्यांमध्ये लिबलिबीत थर जमून ड्रिपर बंद पडतात. या सर्वाला आपण सरसकट 'शेवाळ' म्हणतो आणि ते काढून टाकण्याच्या मागे लागतो. या शेवाळाचा मोठा भाग ज्या सजीवांचा असतो, त्यांना शास्त्रीय परिभाषेत 'सायनोबॅक्टेरिया' आणि मराठीत 'नील-हरित शैवाल' अशी नावे आहेत. त्यांच्या दोन गुणांकडे जगभरातील संशोधकांचे लक्ष गेली काही दशके लागले आहे. रोगजंतूंची वाढ रोखणारी रसायने ही शैवाले तयार करतात, हा पहिला गुण. पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांसारखे जड धातू ती स्वतःकडे ओढून घेतात, हा दुसरा.

हे दोन्ही गुण प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहेत. मात्र, प्रयोगशाळेतील चंचुपात्रापासून गिरणा-पांझरेच्या पाण्यापर्यंतची वाट सरळ नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात या गुणांचा उपयोग कोठे होऊ शकतो आणि कोठे सावध राहावे लागते, याचा हा आढावा.

शैवाल की जीवाणू?

नावात 'शैवाल' असले तरी हे सजीव खरे पाहता जीवाणू आहेत. त्यांच्या पेशीत सुस्पष्ट केंद्रक नसते. मात्र, वनस्पतींप्रमाणे ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि प्राणवायू बाहेर सोडतात. हरितद्रव्याबरोबर त्यांच्यात फायकोसायनिन नावाचे निळे रंगद्रव्य असते. त्यामुळे त्यांना निळसर हिरवी छटा येते. पृथ्वीच्या वातावरणात सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी प्राणवायू साठू लागला, तो याच सूक्ष्मजीवांच्या कार्यामुळे. आज आपण घेत असलेल्या श्वासाचा पाया त्यांनी घातला आहे.

इतका दीर्घ काळ टिकून राहताना या सजीवांनी ऊन, दुष्काळ, क्षार, विषारी धातू आणि भोवतालचे इतर सूक्ष्मजीव या सर्वांशी झुंज दिली. पायांना चालण्याची, पंखांना उडण्याची शक्ती नसलेल्या सजीवाला रसायनांचाच आधार असतो. जंतुरोधक द्रव्ये आणि धातू धरून ठेवणारे चिकट आवरण ही त्या झुंजीतील त्यांची शस्त्रे होत.

भारतीय शेतीशी त्यांचा संबंध जुना आहे. भातखाचरातील नील-हरित शैवाले हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले. बनारस हिंदू विद्यापीठाचे आर. एन. सिंह यांनी १९५० मध्ये उत्तर भारतातील उसर म्हणजे क्षारपड जमिनी या शैवालांच्या साहाय्याने सुधारण्याचा मार्ग मांडला. टी. व्ही. देशिकाचारी यांचा 'सायनोफायटा' हा १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ आजही भारतीय अभ्यासकांना जाती ओळखण्यासाठी उपयोगी पडतो. महाराष्ट्रात ई. ए. गोन्साल्विस यांनी १९४७ मध्ये वज्रेश्वरीच्या गरम झऱ्यांतील शैवालांची नोंद केली.

खानदेशातील अधिवास

नील-हरित शैवालांना ऊब, भरपूर प्रकाश, संथ पाणी आणि नत्र-स्फुरदाचा पुरवठा लागतो. खानदेशात या चारही गोष्टी मुबलक आहेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापी सोडली, तर गिरणा, पांझरा, बोरी, बुराई या नद्यांच्या पात्रात उन्हाळ्यात डबकीच काय ती उरतात. केळी आणि कापसाला दिलेल्या खतांचा काही अंश पावसाबरोबर ओढ्या-नाल्यांतून तळ्यांत येतो. शहरांचे सांडपाणी त्यात भर घालते.

जळगावचा मेहरूण तलाव, मुक्ताईनगर तालुक्यातील हरताळे तलाव, भुसावळजवळचे हतनूर धरण, धुळ्याचे नकाणे व डेडरगाव तलाव ही या दृष्टीने अभ्यासाची स्वाभाविक ठिकाणे होत. संथ पाण्यात तरंगणारी मायक्रोसिस्टिस, तंतूसारखी ऑसिलेटोरिया व फॉर्मिडियम, मण्यांच्या माळेसारखी ॲनाबिना, ओल्या जमिनीवर जेलीसारखे गोळे धरणारे नॉस्टॉक असे अनेक वंश आपल्याकडील पाण्यात आणि मातीत आढळतात. पावसाळ्यानंतर जुन्या भिंतींवर आणि देवळांच्या दगडांवर जे काळे डाग उमटतात, तेही बऱ्याचदा सायटोनिमासारख्या शैवालांचे असतात. उन्हातील अतिनील किरणांपासून बचाव करणारे गडद रंगद्रव्य त्यांच्या आवरणात असते.

चोपडा तालुक्यातील अडावदजवळच्या उनपदेवसारखे गरम झरे हा आणखी एक वेगळा अधिवास. सुमारे ७३ अंश सेल्सिअसपर्यंतच्या पाण्यात काही नील-हरित शैवाले तग धरू शकतात. उष्णता सोसणाऱ्या अशा जातींची प्रथिने आणि रसायने टिकाऊ असतात. म्हणून अशा झऱ्यांचे महत्त्व विशेष.

जळगावला १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाणारे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, तसेच त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभाग हे या परिसरातील अशा अभ्यासाचे केंद्र आहे. नंदन आणि आहेर यांनी २००५ मध्ये शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील हरणबारी धरण व मोसम नदी यांच्या पाण्याची प्रत तेथील शैवालांवरून जोखणारा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणते शैवाल कोठे वाढते, यावरून पाणी किती दूषित आहे हे कळू शकते. आणि दूषित पाण्यात जे शैवाल टिकते, तेच पुढे धातू काढण्याच्या कामी येण्याची शक्यता अधिक.

जंतूंना रोखणारी रसायने

शैवालांपासून जंतुनाशक मिळवण्याचा विचार प्रतिजैविकांच्या युगाइतकाच जुना आहे. १९४४ मध्ये अमेरिकेत क्लोरेला या हिरव्या शैवालापासून 'क्लोरेलिन' नावाचे जंतुरोधक द्रव्य मिळाल्याची नोंद झाली. नील-हरित शैवालांकडे खरे लक्ष वळले ते १९८० च्या दशकात. हवाई विद्यापीठातील रिचर्ड मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो जाती वाढवून त्यांचे अर्क तपासले. हॅपॅलोसायफॉन या वंशातून 'हॅपॅलिंडोल' ही जंतू व शैवालरोधक संयुगे १९८४ मध्ये पुढे आली.

त्यानंतरची काही उदाहरणे बोलकी आहेत. नॉस्टॉकच्या एका जातीतून मिळालेले 'सायनोव्हायरिन-एन' हे १०१ अमिनो आम्लांचे प्रथिन एचआयव्ही विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखते, असे १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवले. नॉस्टॉक कम्यून या जातीतून १९९९ मध्ये 'नॉस्कोमिन' हे जीवाणुरोधक द्रव्य वेगळे करण्यात आले. 'क्रिप्टोफायसिन' हे नॉस्टॉकमधील द्रव्य आधी बुरशीनाशक म्हणून सापडले, पुढे कर्करोगाविरुद्ध त्याचे रूपांतरित संयुग रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. परंतु मज्जातंतूंवरील दुष्परिणामांमुळे ते मागे पडले.

यशाची कथा थोडी वळणाची आहे. समुद्री सशापासून, म्हणजे एका कवचहीन समुद्री गोगलगायीपासून, १९८७ मध्ये मिळालेले 'डोलास्टॅटिन-१०' प्रत्यक्षात तिच्या खाद्यातील नील-हरित शैवालाचे असल्याचे २००१ मध्ये दिसून आले. त्याच धर्तीवर बनवलेला घटक असलेले कर्करोगावरील औषध २०११ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मात्र, नील-हरित शैवालापासून बनवलेले एकही जीवाणुनाशक प्रतिजैविक अद्याप औषधाच्या दुकानात आलेले नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

तरीही हा शोध सोडून देण्याजोगा नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवल्याचा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला. जुनी प्रतिजैविके बोथट होत असताना नव्या रसायनांचा साठा शोधणे ही चैन नसून गरज आहे, आणि तो साठा गावच्या तळ्यातही असू शकतो.

चाचणी कशी होते?

तळ्यातून आणलेला नमुना तसाच वापरता येत नाही. त्यातील एकेक जात वेगळी करून ती 'बीजी-११' यासारख्या ठरावीक क्षारांच्या द्रावणात, नियंत्रित प्रकाशात वाढवतात. हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या जातींसाठी या द्रावणातून नत्रयुक्त क्षार वगळले की इतर जाती मागे पडतात. वाढलेले शैवाल वाळवून मिथेनॉल, ॲसिटोन, पाणी अशा वेगवेगळ्या द्रावकांत त्याचा अर्क काढतात. मग रोगजंतूंची पातळ पेरणी केलेल्या अगरच्या थाळीत छोटी विहीर पाडून त्यात हा अर्क टाकतात. जंतू वाढले नाहीत, तेथे स्वच्छ वलय दिसते. त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात.

हे वलय पाहून हुरळून जाण्याचे कारण नाही. नुसत्या मिथेनॉलनेही वलय पडू शकते, म्हणून केवळ द्रावकाची थाळी तुलनेला ठेवावी लागते. शैवालाच्या चिकट आवरणात इतर जीवाणू राहतात. रसायन त्यांचे तर नाही ना, हे तपासावे लागते. अगरमध्ये सहज पसरणारे द्रव्य मोठे वलय देते आणि अधिक प्रभावी असूनही न पसरणारे द्रव्य छोटे. म्हणून वाढ रोखणारी किमान मात्रा काढणे, ही खरी कसोटी. या अर्कांचा परिणाम स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणूंवर अधिक आणि ई-कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंवर कमी होतो, असे बहुधा आढळते. कारण दुसऱ्या गटाच्या पेशीला बाहेरून आणखी एक संरक्षक पडदा असतो.

धातूंचा प्रश्न

दुसरा गुण धातू शोषण्याचा. जड धातू कुजत नाहीत, जळून नष्ट होत नाहीत. एका जागेवरून दुसऱ्या जागी जातात, एवढेच. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला मारक ठरते, कॅडमियम मूत्रपिंड आणि हाडे पोखरते, षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. १९५६ मध्ये उघडकीस आलेली जपानमधील मिनामाटाची पाऱ्याची विषबाधा या धोक्याचे जगाला पटलेले उदाहरण होय.

म्हणूनच भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे शिसे ०.०१, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५, निकेल ०.०२ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमहून अधिक नसावा. दुसरीकडे, कारखान्यांना नदी-नाल्यांत सोडता येणाऱ्या पाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा लिटरमागे निकेलसाठी ३, तांब्यासाठी ३, जस्तासाठी ५ आणि षट्संयुजी क्रोमियमसाठी ०.१ मिलिग्रॅम अशा आहेत. निकेलच्या बाबतीत या दोन आकड्यांत दीडशे पटींचे अंतर आहे. सोडलेले पाणी वाहत्या नदीत मिसळून विरळ होईल, हे त्यामागील गृहीतक. वर्षातील कित्येक महिने पात्रात पाणीच नसलेल्या पांझरा किंवा बोरीसारख्या नद्यांना हे गृहीतक कसे लागू पडणार? खानदेशाच्या दृष्टीने हा कळीचा मुद्दा आहे. नियमात बसणारे सांडपाणीही येथे विरळ न होता जमिनीत मुरते.

धातूंचे संभाव्य स्रोतही आपल्या ओळखीचे आहेत. धातूला मुलामा देण्याच्या कामात क्रोमियम, निकेल आणि जस्त वापरतात. सराफी व्यवसायात आम्लांचा आणि तांब्याचा वापर होतो. 'केडीएम' या नावाने परिचित झालेल्या डागकामात कॅडमियम असे आणि त्याची वाफ कारागिरांच्या फुप्फुसाला घातक ठरते. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेत धातूंचे सूक्ष्म अंश असतात. पिकांवर फवारले जाणारे मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मँगनीज आणि जस्ताचे, तर कॉपर ऑक्सिक्लोराईड तांब्याचे संयुग आहे. स्फुरदयुक्त खतांतही कॅडमियमचे अंश असू शकतात.

शैवाल धातू कसे पकडते?

ही क्रिया दोन पातळ्यांवर घडते. पहिली पृष्ठभागावरची. पेशीभित्तिकेवर आणि भोवतीच्या बुळबुळीत आवरणावर कार्बोक्सिल, फॉस्फेट, सल्फेट यांसारखे ऋणभारित गट असतात. धातूंचे धनभारित आयन त्यांना लोहचुंबकाला कीस चिकटावा तसे चिकटतात. याला जैव-अधिशोषण म्हणतात. हे काही मिनिटांत घडते आणि त्यासाठी शैवाल जिवंत असण्याचीही गरज नसते. वाळवलेली भुकटीही हे काम करते.

दुसरी पातळी पेशीच्या आतली. जिवंत पेशी धातू आत घेते, त्यांना पॉलिफॉस्फेटच्या कणांत साठवते किंवा विशिष्ट प्रथिनांनी बांधून निरुपद्रवी करते. सायनेकोकॉकस या वंशातील धातू बांधणारे असे प्रथिन विशेष अभ्यासले गेले आहे. ही क्रिया संथ असते आणि धातूचे प्रमाण वाढले तर पेशी मरते. विहिरीतील शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकतात, ते याच कारणाने. मोरचूद म्हणजे तांब्याचेच संयुग.

पाण्याचा सामू येथे निर्णायक ठरतो. शिसे, कॅडमियम, तांबे, निकेल यांचे शोषण साधारणपणे ५ ते ६ सामूच्या आसपास चांगले होते. षट्संयुजी क्रोमियम मात्र पाण्यात ऋणभारित रूपात असते. त्याला धरण्यासाठी सामू २ च्या आसपास, म्हणजे तीव्र आम्लधर्मी लागतो. एकच टाकी, एकच शैवाल आणि सगळे धातू एकदम बाहेर, असे घडत नाही.

थोडा हिशेब

एका ग्रॅम कोरड्या शैवालामागे काही मिलिग्रॅमपासून शंभराहून अधिक मिलिग्रॅम धातू शोषला गेल्याचे आकडे संशोधनात आढळतात. मोठे आकडे बहुधा भरपूर धातू विरघळवलेल्या शुद्ध पाण्यातले असतात. धातू विरळ असेल तेव्हा क्षमता बरीच घटते.

समजा, एका छोट्या कारखान्यातून रोज १० हजार लिटर पाणी निघते. चुन्याची प्रक्रिया केल्यावरही त्यात लिटरमागे ३ मिलिग्रॅम निकेल उरते आणि ते अर्ध्या मिलिग्रॅमवर आणायचे आहे. म्हणजे रोज २५ ग्रॅम निकेल काढायचे. ग्रॅममागे १० मिलिग्रॅम क्षमता धरली, तर रोज अडीच किलो कोरडे शैवाल हवे. उघड्या हौदात चौरस मीटरमागे दिवसाला साधारण १० ग्रॅम शैवाल वाढते असे मानले, तर २५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे अडीच गुंठे हौद लागेल. सौम्य आम्लाने धुऊन तेच शैवाल पुन्हा वापरले, तर गरज कमी होईल.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. एक, ही कल्पना आवाक्याबाहेरची नाही. खानदेशात ऊन फुकट आहे. दोन, शैवालाची खरी जागा शेवटच्या पायरीवर आहे. दाट सांडपाण्यातील बहुतेक धातू चुन्याने स्वस्तात खाली बसतो. चुना जेथे हात टेकतो, त्या विरळ पाण्यासाठी शैवाल वापरावे.

आपल्या पाण्याची अडचण

खानदेश काळ्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे. येथील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर धरतो. अशा दुष्फेन पाण्यात शैवालाच्या पृष्ठभागावरील जागा कॅल्शियम-मॅग्नेशियमच अडवतात, कारण ते संख्येने धातूंच्या शेकडो पट असतात. ऊर्ध्वपातित पाण्यात उत्तम ठरलेले शैवाल जळगावच्या कूपनलिकेच्या पाण्यात निम्मेही काम करणार नाही, असे होऊ शकते. याचा सामना करण्याचा मार्ग म्हणजे येथल्याच पाण्यात, येथल्याच उन्हात वाढणाऱ्या जाती निवडणे आणि चाचणीही येथल्याच पाण्यात घेणे. स्थानिक संशोधनाचे मोल आहे ते यासाठी.

पाण्यात मोकळी भुकटी टाकली तर ती परत गोळा करणे अवघड जाते. म्हणून ती कॅल्शियम अल्जिनेटच्या मण्यांत बांधून नळकांड्यात भरतात आणि पाणी त्यातून गाळतात. ठिबकच्या वाळूच्या फिल्टरची रचना ठाऊक असलेल्या शेतकऱ्याला ही पद्धत समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

विषाची बाजू

जंतूंना मारणारे प्रत्येक द्रव्य माणसाला हितकारक असतेच असे नाही. मायक्रोसिस्टिस व तिच्या काही भाईबंदांतून निघणारे 'मायक्रोसिस्टिन' यकृतावर आघात करते. ब्राझीलमधील कारुआरू येथे १९९६ मध्ये अशा विषाने दूषित पाणी डायलिसिससाठी वापरले गेल्याने ५० हून अधिक रुग्ण दगावले. पिण्याच्या पाण्यात 'मायक्रोसिस्टिन-एलआर' लिटरमागे १ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, अशी मार्गदर्शक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये घालून दिली. पाणी उकळल्याने हे विष नाहीसे होत नाही, ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी.

शेवाळ मारण्याच्या घाईतही धोका असतो. ऑस्ट्रेलियातील पाम बेटावर १९७९ मध्ये धरणातील शेवाळावर मोरचूद टाकण्यात आले. त्यानंतर १४८ जण आजारी पडले आणि त्यांत बहुतेक मुले होती. शैवालाच्या पेशी फुटल्या की आतले विष पाण्यात मोकळे होते. पिण्याच्या पाण्याच्या हौदात वा तळ्यात दाट हिरवी साय दिसत असताना मोरचूद टाकून तेच पाणी लगेच वापरणे, म्हणूनच चुकीचे ठरते.

दोन गुण, दोन वेगळ्या वाटा

या सर्व विवेचनाचे सार असे, की जंतुरोध आणि धातुशोषण हे दोन्ही गुण एकाच शैवालात असले, तरी एकाच वेळी दोन्हींचा लाभ घेता येत नाही. जे शैवाल धातू उत्तम धरते, तेच औषध, अन्न, पशुखाद्य किंवा खत म्हणून सर्वांत अयोग्य. वरच्या उदाहरणातील कारखान्यात ३०० दिवसांत साडेसातशे किलो शैवाल आणि त्यात साडेसात किलो निकेल साठेल. हा ढीग बांधावर टाकला, तर पाण्यातून काढलेला धातू पुन्हा मातीत आणि केळीच्या घडापर्यंतच्या वाटेला लागला. त्याची विल्हेवाट २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसारच लावली पाहिजे किंवा आम्लाने धुऊन धातू परत मिळवला पाहिजे.

उलट बाजूनेही हेच खरे. स्पिरुलिनाच्या कोरड्या भुकटीत ६० टक्क्यांहून अधिक प्रथिने असतात आणि ती पूरक आहार म्हणून विकली जाते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या अल्कधर्मी पाण्यात तिचे भाईबंद नैसर्गिकरीत्या वाढतात. परंतु धातू शोषण्याची सवय तिलाही आहे. ज्या पाण्यात ती वाढली त्या पाण्याचा आणि तयार भुकटीचा धातूंचा तपासणी अहवाल असल्याशिवाय ती खाण्यात येऊ नये. भातखाचरासाठी शैवाल-खत तयार करणाऱ्यांनीही सांडपाण्याच्या डबक्यातील नव्हे, तर खात्रीच्या केंद्रातील शुद्ध संवर्धन वापरावे. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत नील-हरित शैवालांचा असा संग्रह जपला जातो. समुद्री जातींसाठी तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात १९९१ पासून राष्ट्रीय केंद्र आहे.

काय करता येईल?

जळगाव-धुळ्यातील महाविद्यालयांनी आपापल्या परिसरातील तळी, झरे आणि सांडपाण्याचे नाले वाटून घेऊन तेथील जाती वेगळ्या केल्या, त्यांची ओळख डीएनए तपासणीने पक्की केली आणि त्या एका ठिकाणी जतन केल्या, तर खानदेशाचा स्वतःचा शैवाल-संग्रह उभा राहील. धातुशोषणाच्या चाचण्या ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी प्रत्यक्ष सांडपाण्यावर, अनेक धातू एकत्र असताना आणि उन्हाळा-हिवाळा अशा दोन्ही ऋतूंत घ्याव्यात. जंतुरोधक अर्कांच्या बाबतीत वलयाच्या व्यासावर न थांबता किमान मात्रा, मानवी पेशींवरील परिणाम आणि विषाची तपासणी या तिन्ही पायऱ्या पूर्ण कराव्यात. लघुउद्योगांना एकट्याने हौद बांधणे परवडणार नाही. औद्योगिक वसाहतीत चुन्याच्या प्रक्रियेनंतरची सामाईक शेवटची पायरी म्हणून त्याचा विचार करता येईल.

सामान्य वाचकासाठी सूचना साध्या आहेत. तळ्यावर दाट निळसर-हिरवी साय आणि उग्र वास असेल, तर ते पाणी पिऊ नये आणि जनावरांनाही पाजू नये. शेततळ्यावर सावली धरली आणि खतांचे पाणी त्यात येऊ दिले नाही, तर मोरचूद टाकण्याची वेळ क्वचितच येते. तळ्यातील शेवाळ औषधी आहे असे ऐकून त्याचा लेप लावणे किंवा ते पोटात घेणे टाळावे.

शेवाळ म्हणजे घाण, ही समजूत अपुरी आहे. शेवाळ म्हणजे संजीवनी, ही तितकीच अपुरी. ज्या पाण्यात ते वाढते त्याचा गुण-दोष ते स्वतःत साठवते. म्हणून त्याचा उपयोग ठरवण्याआधी त्याचे पाणी तपासावे. पाणी दुर्मीळ असलेल्या खानदेशात ही तपासणी जितक्या लवकर सुरू होईल, तितके बरे.